मुलुंडला आईबाबांच्या गल्लीत रिसेल फ्लॅट घ्यावा का? पहिलं ॲग्रीमेंट हरवलंय, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहतो, आईबाबा मुलुंड पूर्वेला. बाबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे जवळ जायचंच आहे. त्यांच्याच गल्लीत वन बीएचके मिळतोय, इतका जवळ की आईने वाटीतून आमटी आणली तरी गरम राहील. बिल्डिंग १९८६ ची, लिफ्ट आहे, ओसी (राहायला परवानगी देणारं पालिकेचं सर्टिफिकेट) आहे, सोसायटी रजिस्टर्ड. स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार धरून बजेट बसतंय, पण होम लोन लागणारच.

अडचण अशी की आत्ताचे मालक तिसरे, आणि बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेलं ओरिजिनल ॲग्रीमेंट हरवलंय, फक्त झेरॉक्स आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि शेवटच्या व्यवहाराचा इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा) मी स्वतः बघितला, दोन्ही कागद आत्ताच्या मालकांच्याच नावावर आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात एनओसी (ना हरकत पत्र) देतो. वकील म्हणाले सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी काढा, मालकाला पोलिसात हरवल्याची तक्रार द्यायला सांगा, पेपरात जाहीर नोटीस द्या. बँकवाले मात्र फाइल टाकल्याशिवाय काहीच बोलत नाहीत आणि मालक दोन लाख टोकन मागतायत.

एवढ्या कागदांवर कुणाला लोन मिळालंय का? आणि लोन नाही झालं तर टोकन परत मिळावं म्हणून लिहून काय घ्यायचं?