नाते संपले, निष्ठा मात्र उरली

प्रश्न: गेल्या दिवाळीत तिच्याच इच्छेने आमचे नाते संपले, तरीही रंकाळ्यावर फिरायला गेलो की पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा संध्यामठ पाहत मी तिचीच वाट पाहत राहतो आणि घरच्यांनी आणलेले प्रत्येक स्थळ काहीतरी खुसपट काढून नाकारतो. ही निष्ठा की हट्ट?

उत्तर १: तिला त्रास न देता मनात जपत असाल, तर गैर काहीच नाही, परंतु मुलीकडच्यांना कांदेपोह्यांचा घाट घालायला लावून नंतर ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवणे हा त्या मुलीवर सरळसरळ अन्याय आहे.

उत्तर २: सहमत. तूर्त लग्न करायचे नाही, असे घरी स्पष्ट सांगावे.

उत्तर ३: तिचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस अजून रोज पाहता का? (बहुतेक पाहतच असाल.) तसे असेल, तर निष्ठेचा प्रश्न नंतर, आधी ते बंद करा.