मदत हवी आहे: साहेबाने लिहिलेला शेरा हा कामगाराचा वैयक्तिक डेटा की नाही?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीची. धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेला, तिथे एका गोदामात चार वर्षं होता. नोकरी सोडल्यावर त्याने जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली आपली फाइल मागितली. महिन्याच्या आत उत्तर आलं, पण आलं काय? नाव, पत्ता, पगारपत्रकं. सुपरवायझरचे दरवर्षीचे शेरे गायब. म्हणे, ते त्याचं मत, तुमचा डेटा नव्हे.

मी थोडं वाचलं. युरोपीय न्यायालयाने २०१७ साली नोवाक प्रकरणात उत्तरपत्रिकेवरचे परीक्षकाचे शेरेसुद्धा परीक्षार्थीचा वैयक्तिक डेटा धरले. पण २०१४ च्या निकालात निवास परवान्याच्या फाइलमधलं कायदेशीर विश्लेषण तसं धरलं नाही. मग सुपरवायझरचा शेरा कुठल्या बाजूला? मला तरी पहिल्या वाटतो. 'कामात ढिला' हे भावाबद्दलच ना? इतर कामगारांची नावं काळी करा, हरकत नाही.

इथले वकील माहिती अधिकाराकडेच वळतात. तो २००५ चा कायदा आपल्या सरकारी कचेऱ्यांसाठी, लिस्बनच्या गोदामाला काय त्याचं!

पोर्तुगालच्या डेटा संरक्षण आयोगाकडे कुणी अशी तक्रार केली आहे का? पोर्तुगीजमध्येच लिहावी लागते? आजी असती तर तिनेच लिहून दिली असती.