खुराकावरची कोकरं मऊ निघाली, पण चरबी तेलकट आणि वास उग्र. चूक जवाची की माझी?

फाटकापाशी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मेंढ्या बरीच वर्षं आहेत, पण कोकरांना दाणा घालायचा उद्योग यंदा पहिल्यांदा केला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा फिरतोय.

चोवीस कोकरं होती. साडेचार महिन्यांची झाल्यावर दोन गट केले. बारा नुसत्या चराईवर. बाकीच्या बारांना चराई, आणि वर संध्याकाळी जवाचा भरडा, डोक्यामागे ३०० ग्रॅम. असं आठ आठवडे. भरडा रोज तोलून घालत होते, अंदाजपंचे काम नाही. वही आहे.

चराईच्या गटाचं शेवटचं सरासरी वजन ३० किलो, सोलून साफ केलेलं धड १२.६. खुराकाच्या गटाचं ३६ किलो, धड १७.३. म्हणजे उतारा ४२ टक्क्यांचा ४८ वर गेला. इथपर्यंत मी खूश.

मग मांस हातात आलं. चराईचं काळपट लाल, सुरीला चिकटणारं, आणि शिजवल्यावर चिवट. खुराकाचं मांस मऊ, पण चरबी अशी की बोट दाबलं तर आत जावं. हातावर तेल राहत होतं. नुसतं मिठात उकडलं तरी वास उग्र. थंडीत ठेवलेले तुकडे तिसऱ्या दिवशी कडेनं तपकिरी पडले.

घरच्यांना आणि ओळखीच्यांना दोन्ही चाखायला दिलं. मऊपणात खुराकवाले जिंकले, वासात हरले. आता पुढच्या कोकरांना दाणा घालू की नको? घातला तर किती?

पाऊलवाट

घालू नका. मेंढी गवताची आहे. गवतावरच्या चरबीत ओमेगा-३ जास्त असतं, दाण्यावरच्या चरबीत ओमेगा-६ वाढतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. उग्र वास दाण्याचाच. मी चाळीस कोकरं नुसत्या कुरणावर काढतो, एकाची तक्रार नाही.

चार_कप्पे

पाऊलवाट, ओमेगाचं बरोबर आहे. वासाचं अर्धंच बरोबर. तुमची कोकरं शेवटचा महिनाभर नुसत्या लसूणघासावर सोडून बघा, मग बोलू. कोवळ्या द्विदल चाऱ्यात प्रथिनं भरपूर असतात आणि मोठ्या पोटात ती झटपट फुटतात. त्यातून स्कॅटोल नावाचं द्रव्य तयार होऊन चरबीत जाऊन बसतं. तो वास शेणाकडे झुकणारा असतो. गवताला स्वतःचा वास आहे, दाण्याला स्वतःचा. ज्याची सवय, तो गोड लागतो.

ताई, मी गुरांची डॉक्टर होते, आता घरी आहे. उत्तराआधी पाच प्रश्न, वही उघडूनच सांगा.

गट कसे पाडले? नर किती, माद्या किती, नर खच्ची केले होते का? सुरुवातीची वजनं काय होती? दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं कापले का? आणि भरडा ज्यात घालत होता ती गव्हाण किती लांब?

फाटकापाशी

डॉक्टर, वही उघडली आणि जरा ओशाळले.

गट पाडले असे: रिकामा डबा वाजवला, जी पुढे घुसली ती खुराकाची. त्यामुळे खुराकात नर नऊ, माद्या तीन. चराईत नर चार, माद्या आठ. खच्ची कोणीच नाही. सुरुवातीची सरासरी चराईची २१ किलो, खुराकाची २४.

कापणी वेगवेगळी झाली. खुराकाची सकाळी इथेच, गोठ्याशेजारी, एकेक शांतपणे. चराईची दुसऱ्या आठवड्यात. त्यांना आदल्या दिवशी चालत नेलं, वाटेत कुत्री मागे लागली, दोन कोकरं पळाली, ती धरायला तास गेला. रात्रभर परक्या वाड्यात उपाशी राहिली आणि सकाळी कापली.

गव्हाण एकच, दोन मीटरची.

चार_कप्पे

मग तुम्ही दाण्याची परीक्षा घेतलीच नाही. पळालेली कोकरं विरुद्ध न पळालेली कोकरं, अशी परीक्षा घेतलीत.

आधी काळपट मांसाचं. जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं. कापल्यावर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपास असतो तो दिवसभरात साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. आदल्या दिवशी पळापळ, धसका आणि वर उपास झाला की हा साठा संपतो. आम्ल व्हायला काही उरतच नाही, सामू सहाच्या वर अडकतो, मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर बिघडतं. गवताचा यात दोष एवढाच, की उतरत्या हंगामातल्या वाळक्या चराईवर हा साठा मुळात कमी असतो आणि दाण्यावर जास्त. पण दाणा खाल्लेलं कोकरूही तासभर कुत्र्यांपुढे पळवलंत तर काळंच पडेल.

आता मऊ चरबी. जव भरडला की त्यातलं पिष्ट मोठ्या पोटात भराभर आंबतं आणि प्रोपिऑनिक आम्ल ढिगानं तयार होतं. एका मापापर्यंत यकृत ते निस्तरतं. त्यापुढचं चरबीच्या बांधणीत शिरतं आणि सरळ साखळीच्या स्निग्धाम्लांबरोबर फांद्या फुटलेली स्निग्धाम्लं तयार होतात. फांद्या न छाटलेली लाकडं मोळीत घट्ट बसत नाहीत, तशी ही चरबी घट्ट रचली जात नाही. वासाचं मूळही या फांद्यांतच. मेंढराचा म्हणून जो खास वास, तो ४-मिथाइल ऑक्टॅनोइक आम्ल आणि त्याच्या भावंडांचा. वयात येणाऱ्या न खच्ची केलेल्या नरात ती आणखी वाढतात. तुमच्या गटात नर नऊ, वय साडेसहा महिने. दोन्ही कारणं एका घरात नांदली.

पण एक गोष्ट मला खटकतेय. हा प्रकार प्रामुख्यानं जवळजवळ नुसत्या धान्यावर वाढवलेल्या कोकरांत दिसतो. चराई चालू असताना ३०० ग्रॅमवर इतका ठळक दिसायला नको. म्हणून गव्हाणीची लांबी विचारली. कोकरामागे निदान दीड वीत जागा लागते, तुमच्याकडे वीतभरही नाही. सरासरी ३०० म्हणजे कोणी ६००, कोणी ५० ग्रॅम. मऊ चरबी बाराही कोकरांत होती का? बघा बरं.

फाटकापाशी

बघितलं. धडांवर नंबर होते आणि शेजारी "चरबी सैल" असा शेरा मीच मारला होता. बारापैकी पाच. पाचही नर, आणि गटातले सर्वांत जड तेच पाच.

यातला एक तर दुपारी दोनपासून फाटकापाशी उभा असायचा. डोंगरभर गवत मागे, आणि हा डब्याच्या आवाजाची वाट बघतोय. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

चार_कप्पे

त्या फाटकावरच्या साहेबांनीच तपकिरी कडांचंही उत्तर दिलं. हिरव्या गवतातून ई जीवनसत्त्व भरपूर मिळतं, ते मांसाचा लाल रंग टिकवतं. धान्यात ते जवळजवळ नसल्यासारखं. दाण्याची वाट बघत जो चरायचा थांबला, त्याच्या मांसात ते कमी साठणार आणि रंग लवकर उडणार. काळ्या पडलेल्या मांसाशी मात्र याची तुलना करू नका, ते काळंच राहतं.

आणि वाढीचाही हिशेब करा. खुराकवाली २४ ची ३६ झाली, म्हणजे १२ किलो. चराईची २१ ची ३०, म्हणजे ९. सहा किलोच्या फरकातले तीन तर आधीपासूनचेच होते. प्रत्येकी जवळपास १७ किलो जव घालून जास्तीचे मिळाले तीन किलो. दाणा पोटात गेला की गवत तेवढं कमी खाल्लं जातं. चराई चांगली असताना दाणा घातला तर तो गवताच्या जागी बसतो, गवतावर चढत नाही. चराई उतरल्यावर घातला तर अंगी लागतो.

सुरीधार

एवढा वेळ वाचत होतो. मी कापणारा माणूस, पोटातल्या आम्लांचं मला कळत नाही. चरबीचं कळतं.

ताई, खुराकवाल्यांच्या मूत्रपिंडाभोवती चरबी किती होती? ओंजळभर असणार. कोकरू चरबी धरतं ते आधी आत, आतड्यांच्या जाळीवर आणि मूत्रपिंडापाशी, मग स्नायूंच्या मधे आणि कातडीखाली, आणि मांसाच्या आत धाग्याधाग्यांत सर्वांत शेवटी. लोक म्हणतात शेवटचे दोन महिने दाणा घाला, मांसात चरबी उतरते. उतरते, पण पोटातला आणि पाठीवरचा वाटा भरल्यावर जे उरेल ते. तुमचा ४८ टक्के उतारा सगळा मांसाचा नाही. थोडा चरबीचा, आणि थोडा असा की दाण्यावरच्या जनावराच्या पोटात ओला चारा कमी असतो, म्हणून जिवंत वजनात पोटाचा भार कमी.

कापायची वेळ वजनावर ठरवू नका, हातावर ठरवा. शेवटच्या बरगडीमागे पाठीवर बोटं ठेवा. मणक्याची टोकं टोचली तर अजून रोड आहे. दाबल्यावर लागली पण टोचली नाहीत तर तयार. शोधावी लागली तर तुमचा दाणा वाया चाललाय. हे दर आठवड्याला करा आणि जो तयार झाला तो काढा, सगळे एकदम नको. त्या पाच नरांना सहाव्या आठवड्यातच काढायला हवं होतं.

आणि एक सांगा. चराईची धडं कापल्यावर किती वेळानं थंडीत गेली?

फाटकापाशी

अर्ध्या तासात. उन्हाळ्याची भीती वाटली म्हणून घाई केली. मूत्रपिंडाचं म्हणाल तर हो, ओंजळभरच होती. मला वाटलं होतं ही तब्येतीची खूण.

सुरीधार

मग चिवटपणाचा निम्मा गुन्हा तिथेच झाला. स्नायू ताठरण्याआधी मांस दहा अंशांच्या खाली गेलं की धागे आखडतात आणि मग कितीही शिजवा, सुटत नाहीत. जाड धडावर चरबीचं पांघरूण असतं, ते हळू थंड होतं. बारा किलोचं उघडं धड भसकन गार होतं. खुराकवाल्यांच्या मऊपणात त्या पांघरुणाचा वाटा आहे, चवीचा नाही. पुढच्या वेळी पहिले काही तास सावलीत, वारा लागेल असं टांगा, मग थंडीत. आणि आत दोन-तीन दिवस तसंच राहू द्या.

पाऊलवाट

म्हणजे माझंच खरं ना? दाणा नको.

चार_कप्पे

नाही हो. पावसाची सहा महिने ओढ बसली आणि कुरणात काडी उरली की तुमची चाळीस कोकरं वजन धरून ठेवतील, वाढणार नाहीत, आणि त्याच वजनाला पोचायला तीन-चार महिने जास्त घेतील. वय वाढलं की स्नायूंच्या मधल्या जाळ्याचे टाके पक्के होत जातात. तो चिवटपणा गवतानं येत नाही, उशिरानं येतो. तिथे थोडा दाणा घालून कोकरू वेळेत उरकणं हीच मांसाची प्रत राखणं आहे. वाळल्या चराईवर नुसतं धान्यही पुरत नाही, प्रथिनं कमी पडतात. निम्म्यात पेंड किंवा डाळीची चुणी मिसळा.

ताई, तुमच्यासाठी. जव भरडू नका, अख्खा घाला. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेत अर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली कोकरांवर नेमकं हेच दाखवलं. मेंढी दाणा इतका बारीक चावते की अख्ख्या आणि दळलेल्या जवाच्या पचनात फारसा फरक पडत नाही. अख्ख्यावर रवंथ मात्र जास्त, लाळ जास्त, पोटाचा सामू वर राहतो आणि पाठीवरची चरबी घट्ट बसते. दळणाचे श्रमही वाचतील. गाईला हा नियम लावू नका, तिच्या शेणात अख्खे दाणे निघतात.

सुरुवात ५० ग्रॅमवरून, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत. एकदम घातलात तर पोटात आम्ल होऊन कोकरू दोन दिवसांत जातं. आंत्रविषाराची लस दाणा सुरू करण्याआधी दोनदा झालेली हवी, कारण हा रोग नेमका सगळ्यांत गुबगुबीत कोकराला उचलतो. नरांना धान्यावर मुतखडा होतो, म्हणून चुनखडी मिसळा, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पडू द्या. आणि गाईंचा तयार खुराक चुकूनही घालू नका, त्यातलं तांबं मेंढीला विष आहे.

वेळ संध्याकाळचीच ठेवा, पण रोज पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करा. फाटकावर सभा भरणार नाही.

फाटकापाशी

झालं. वहीत नवं पान घातलं. पुढची वीस कोकरं आहेत. यावेळी डबा वाजवणार नाही. आधी नर-मादी वेगळे, मग वजनाच्या जोड्या लावून एक इकडे, एक तिकडे. जव अख्खा, गव्हाण आणखी दोन मीटर, आणि डाव्या कुरणातलं गवत सुकायला लागल्यावरच सुरुवात. दोन्ही गट एकाच सकाळी, इथेच.

पाऊलवाट दादा, तुमच्या समाधानासाठी चराईचा गट यावेळी सुखानं मरेल.

सुरीधार

एक राहिलं. चाखायला दिलंत तेव्हा कोणतं मांस कोणत्या गटाचं, हे सांगितलं होतं का?

फाटकापाशी

...सांगितलं होतं. आणि "जवावर वाढवलंय बरं का" असं दोनदा सांगितलं होतं.

पुढच्या वेळी ताटल्यांच्या बुडाला खूण करते.