मदत हवी आहे: २००७ची आर १२०० एस घ्यावी की २०२०ची आर १२५० आरएस? स्पोर्टी बॉक्सरला पुढे भवितव्य आहे का?

इसारकाठ:

नमस्कार मंडळी. मुक्काम म्युनिक. बॉक्सर इंजिनाची (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), पण पुढे झुकून बसायची गाडी हवी आहे. दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली बीएमडब्ल्यू आर १२०० एस, २००७ची, ५४,००० किमी, दोन मालक. ओलिन्स शॉक, मागचं रिम ६ इंची. सर्व्हिसबुक ३८,००० पर्यंत भरलेलं, त्यापुढे कोरं. टीयूव्ही (इथली सक्तीची वाहन तपासणी) अजून वर्षभर आहे.

दुसरी आर १२५० आरएस, २०२०ची, २२,००० किमी, सगळे शिक्के जागच्या जागी.

वापर म्हणजे शनिवार-रविवारी आल्प्सचे घाट, दिवसाला ३००-४०० किमी, मागे कोणी नाही. ट्रॅकवर नेणार नाही. ऑइल, ब्रेक पॅड, व्हॉल्व्ह क्लिअरन्स ही कामं घरी जमतात. गिअरबॉक्स उतरवणं जमणार नाही.

१. जुन्या गाडीत नेमकं काय तपासू?
२. या जातीच्या गाड्या पुढे बनणार आहेत का? सुट्या भागांची काळजी वाटते.
३. तीन-चार वर्षांनी पुण्याला परतताना गाडी नेता येईल का?

पाना_तेरा:

ताई, कोऱ्या सर्व्हिसबुकाच्या आधी मागचं चाक बघा. त्या काळातल्या आर १२०० गाड्यांत चाक ज्या फ्लँजवर बसतं तो ॲल्युमिनियमचा होता. चाकाचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की बोल्टच्या भोकापाशी त्याला तडा जायचा. त्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावून स्टीलचा फ्लँज बसवून दिला, आणि त्या यादीत आर १२०० एस होती. या गाडीचं ते काम झालंय का, हे कोणत्याही डीलरला चॅसिस नंबर दिला की कळतं. पाचही बोल्ट आलटून-पालटून ६० न्यूटन-मीटरवर आवळायचे. टायरवाल्याच्या एअर गनला तिथे हात लावू देऊ नका, टॉर्क रेंच स्वतः घेऊन जा.

मग फायनल ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टची ताकद मागच्या चाकाला देणारा गिअरचा डबा. मागचं चाक उचलून १२ आणि ६ वाजताच्या जागी धरा आणि आडवं हलवून बघा. मग ९ आणि ३ ला धरून तेच करा. १२-६ ला खेळ लागला तर क्राउन व्हीलचं (ड्राइव्हमधल्या मोठ्या दातेरी चाकाचं) बेअरिंग गेलंय, आणि ते काम महाग आहे. फक्त ९-३ ला लागला तर स्विंगआर्मच्या पिव्हट बेअरिंगवर संशय घ्या, ते तुलनेने स्वस्तात निपटतं.

या ड्राइव्हमधलं ऑइल सुरुवातीला 'आयुष्यभरासाठी' मानलं जायचं. तो विचार टिकला नाही आणि नंतरच्या ड्राइव्हना तळाशी ड्रेन बोल्ट आला. तुमच्या गाडीला तो आहे का, वाकून बघा. नसेल तर पॅरालिव्हरचा (ड्राइव्हला फ्रेमशी जोडणारा) दांडा सोडून ड्राइव्ह खाली झुकवावा लागतो आणि एबीएस सेन्सरच्या भोकातून ऑइल काढावं लागतं. नवीन ऑइल सिरिंजने त्याच भोकातून भरतात: ७५डब्ल्यू-९० जीएल-५, १८० मिली. 'थोडं जास्त असू दे' इथे चालत नाही, जास्तीचं ऑइल सील ढकलून बाहेर येतं. काढलेलं ऑइल पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात धरा. बारीक राखाडी चमक ठीक, पण बोटाला टोचणारी कच लागली तर ती गाडी सोडा. ड्राइव्ह खाली झुकवलेला असताना रबरी बूट आपसूक सुटलेला असतो, तेव्हा शाफ्टच्या स्प्लाइनला मॉलिब्डेनमची पेस्ट लावून घ्या. ती संधी पुन्हा लवकर येत नाही.

घाटवाट:

फायनल ड्राइव्हचं वर आलंच आहे. तुमच्यासाठी खरा निर्णय क्लचवर ठरतो.

आर १२०० एसमध्ये एका प्लेटचा कोरडा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आहे. तो बदलायचा तर मागची सबफ्रेम, स्विंगआर्म आणि गिअरबॉक्स वेगळे करून गाडी अक्षरशः दोन तुकड्यांत उघडावी लागते. म्हणजे तुम्ही घरी न करण्याचं ठरवलेलं नेमकं तेच काम. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून टॉर्च मारा. तिथे ऑइलची ओल दिसली तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय, आणि तेच ऑइल क्लचवर जातं. चालवताना सहाव्या गिअरला साधारण ३,००० आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाले तर क्लच घसरतोय.

क्लचच्या हायड्रॉलिक टाकीचं झाकणही वाचा. या पिढीत बहुतेक ठिकाणी मिनरल ऑइल असतं. सवयीने कोणी डॉट-४ (ब्रेकचं ऑइल) ओतलं असेल तर आतली सगळी रबरं फुगतात.

आरएस घराण्यात २०१५च्या आर १२०० आरएसपासून वॉटरकूल्ड इंजिन आलं. त्यात क्लच ओला, तोही इंजिनाच्या पुढच्या बाजूला, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्याच कवचात आहे. क्लचसाठी गाडी दुभागायची गरज उरली नाही. १२५० आरएसला हा मोठा गुण आहे, आणि जाहिरातीत तो कोणी सांगत नाही.

इसारकाठ:

दोघांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका. मालक म्हणतो, सुरू करताना डाव्या बाजूने निळा धूर येतो पण लगेच थांबतो. आणि या इंजिनात व्हॉल्व्ह क्लिअरन्स कसा बघतात? माझा हात आजवर एकाच सिलिंडरच्या इंजिनावर बसलेला आहे.

पाना_तेरा:

साइडस्टँडवर गाडी डावीकडे कलते. डावा सिलिंडर खाली जातो आणि रात्रभर थोडं ऑइल रिंगांच्या फटीतून आत झिरपतं. सुरू केल्यावर ते जळतं. काही सेकंदांत धूर थांबत असेल तर ते बॉक्सरचं नेहमीचं आहे. गरम गाडीवर थ्रॉटल सोडून पुन्हा उघडताना निळा धूर आला तर मात्र व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगांचा प्रश्न आहे. पातळी बघताना गाडी गरम करून बंद करा, सरळ उभी धरा, थोडा वेळ थांबा आणि मग काचेत बघा. काठोकाठ भरू नका, जादा ऑइल ब्रीदरमधून एअरबॉक्समध्ये जातं.

व्हॉल्व्हचं काम बॉक्सरवर सोपं आहे, डोकी दोन्ही बाजूंना उघडी असतात. गाडी रात्रभर थंड राहू द्या. मागचं चाक उचला, दोन्ही सिलिंडरचा एकेक प्लग काढा, सहावा गिअर टाका आणि चाक पुढच्या दिशेने हळू फिरवा. कव्हरखाली एकेक रॉकर दोन-दोन व्हॉल्व्ह दाबताना दिसेल. पिस्टन वर आला आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही रॉकर हाताला सैल लागले की त्या बाजूचा कॉम्प्रेशन स्ट्रोक आला. इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी.

एक गोष्ट इथेच चुकते. रॉकर दुभागलेला असल्यामुळे एकाच जाडीच्या दोन फीलर पट्ट्या (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन्ही व्हॉल्व्हवर एकाच वेळी घालायच्या. एकच घातली तर रॉकर किंचित तिरपा होतो आणि माप खोटं येतं. लॉकनट ८ न्यूटन-मीटर. नट आवळताना स्क्रू थोडा ओढला जातो, म्हणून आवळल्यावर पट्ट्या पुन्हा सरकवून बघा: लोण्यातून सुरी जाते तशी हलकी ओढ लागली पाहिजे. मग चाक फिरवून दुसरी बाजू.

थोडी टिकटिक ऐकू आली तर ती राहू दे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये खोल बसतो तसा गॅप कमी होतो, आवाज शांत होतो, आणि व्हॉल्व्ह जळण्याची पाळी येते. या इंजिनात शांततेची काळजी जास्त करायची. कॉम्प्रेशन १२.५:१ आहे, तेव्हा ९८ ऑक्टेनचं सुपर प्लसच टाका.

कात्रज_बोगदा:

धाग्यात थोडं घुसतो. पुण्यात याच जातीचं काय मिळेल?

घाटवाट:

भाऊ, वापरलेली आर नाइनटी रेसर शोधा. २०१७च्या अखेरीस गोव्यात ती भारतासाठी दाखल झाली. एअर-ऑइल कूल्ड, ११० अश्वशक्ती, अर्धं फेअरिंग, क्लिप-ऑन हँडल. बैठक खरंच झुकलेली आहे. अर्धा तास बसून मनगटं आणि मान काय म्हणतात ते बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. यात टेलिलिव्हर (बीएमडब्ल्यूचं पुढचं वेगळ्या रचनेचं सस्पेन्शन) नाही, साधा फोर्क आहे. क्लच इथेही कोरडाच, म्हणून सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत नेणं टाळा. व्हॉल्व्हला स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीचे तुकडे) आहेत, वर सांगितलेली मापं या गाडीला लावू नका. नवीन घ्यायची तर ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, हे धरून हिशेब करा.

इसारकाठ:

आणि भवितव्य? १२०० एस घेऊन पाच वर्षांनी सुट्या भागांसाठी वणवण नको.

घाटवाट:

हे जरा सविस्तर लिहितो, कारण या गाड्यांवर जीव आहे.

स्पोर्टी बॉक्सर म्हणजे १९७३ची आर ९० एस: ८९८ सीसी, ६७ अश्वशक्ती. १९७६ला डेटोनाच्या सुपरबाइक शर्यतीत स्टीव्ह मॅकलॉफ्लिन पहिला आणि रेग प्रिडमोर दुसरा, दोघेही याच गाडीवर. त्या वर्षीचं अमेरिकन सुपरबाइक विजेतेपद प्रिडमोरने घेतलं. पुढे १९९८ला आर ११०० एस (९८ अश्वशक्ती), २००६ला तुमची १२०० एस (१२२), २००८ला एचपी२ स्पोर्ट (१३३). एवढ्यावर एअर-ऑइल कूलिंगची धाव संपत आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता वाहून नेणं हा अडसर, आणि बाजूला आलेले सिलिंडर गाडी किती कलेल यावर मर्यादा घालतात हा दुसरा. २००९ला त्याच कंपनीची एस १००० आरआर १९३ अश्वशक्ती घेऊन आली. लॅप टाइमसाठी बॉक्सर बनवण्याचं कारण तिथेच संपलं, आणि ते परत येईल असं मला वाटत नाही.

पण घाटात लॅप टाइम कोण मोजतं? दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत, त्यामुळे त्यांचे धक्के एकमेकांना खोडतात आणि एक हलकं डोलणं तेवढं उरतं. वजन खाली, चेन नाही, टेलिलिव्हरमुळे ब्रेक दाबल्यावर नाक फारसं खाली जात नाही. उभ्या गाडीवर थ्रॉटल मारला की ती उजवीकडे झुकते, ते लांबीला बसवलेल्या क्रँकमुळे.

हा स्वभाव आरएसच्या रूपाने चालू आहे. १२५० आरएस: १३६ अश्वशक्ती, १४३ न्यूटन-मीटर, आणि शिफ्टकॅममुळे इनटेकला दोन वेगवेगळे कॅम, म्हणून खालीही जोर आणि वरही. २०२५च्या १३०० आरएसमध्ये १४५ अश्वशक्ती, १४९ न्यूटन-मीटर, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली गेल्याने इंजिनाची लांबी घटली. एअर-ऑइल कूल्ड घराणं आर १२ मालिकेत १०९ अश्वशक्तीवर जिवंत आहे. त्यातली आर १२ एस तर आर ९० एसचा केशरी रंग घेऊनच आली. पण तिच्यात आर १२०० एसचा तीक्ष्णपणा नाही.

सुट्या भागांचं असं: १२०० एसचे फिल्टर, बेल्ट, क्लच, बेअरिंगं यांची त्या पिढीच्या बाकी आर १२०० गाड्यांशी बरीच सामाईकी आहे, ते मिळत राहतील. फेअरिंग आणि हेडलाइट फक्त हिचे. म्हणून गाडी पडलेली आहे का, हे इंजिनापेक्षा बारकाईने बघा.

तुमच्या वापराला आणि 'गिअरबॉक्स नाही' या अटीला १२५० आरएस बसते. मन १२०० एसवरच असेल तर जोडावर ऑइल नसेल आणि फ्लँज बदललेला असेल, तरच घ्या.

भारतात नेण्याबद्दल: वापरलेली गाडी बनवल्यापासून तीन वर्षांहून जुनी असली तर आयात होत नाही. दोन्हींपैकी एकही बसत नाही. इकडेच वापरून इकडेच विका.

इसारकाठ:

शनिवारी १२०० एस बघायला जातेय. मालकाने फक्त वीस मिनिटं दिली आहेत. कुठून सुरू करू?

पाना_तेरा:

मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं त्याला आदल्या दिवशीच कळवा. पोचल्यावर आधी दोन्ही सिलिंडरना तळहात लावा. कोमट लागले तर आधीच गरम करून ठेवली आहे, कोल्ड स्टार्ट तुम्हाला दिसणार नाही. थंड असतील तर सिलिंडरच्या कव्हरच्या खालच्या कडेवर बोट फिरवा, घासल्याच्या खुणा रंगाखाली लपल्या तरी बोटाला लागतात. मग टॉर्च घेऊन इंजिन-गिअरबॉक्सचा जोड, मग मागचं चाक १२-६. एवढ्याला सहा-सात मिनिटं लागतील. उरलेल्या वेळात चालवा, आणि परत आल्यावर त्याच जोडावर पुन्हा टॉर्च मारा. थंड असताना कोरडं दिसलेलं सील गरम झाल्यावर ओलं होतं.