शब्दचर्चा: ‘रॅप्चर’ला मराठीत काय म्हणायचं? आणि मागे उरलं कोण?

पुलगेट

मंडळी (चर्चवाली मंडळी नव्हे, इथली), मदत हवी आहे.

कॅम्पात आमचा छोटा वाचनगट आहे. निम्मे चर्चला जाणारे, निम्मे नुसतेच वाचणारे. या वेळी ‘लेफ्ट बिहाइंड’ घेतली. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या अमेरिकन जोडीची ही कादंबरी १९९५ साली आली. पुढे भाग वाढत गेले आणि २००७ पर्यंत मूळ मालिकेची १६ पुस्तकं झाली. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिकागोहून लंडनला निघालेलं जंबो विमान, खाली अटलांटिक, रात्रीची वेळ, आणि एकाएकी कितीतरी आसनं रिकामी. कपडे, चष्मे, दागिने जागच्या जागी, माणसं गायब. जगभर तोच प्रकार. खऱ्या विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताने वर नेलं (यालाच ‘रॅप्चर’ म्हणतात) आणि बाकीचे सात वर्षांच्या संकटाला तोंड द्यायला खाली राहिले. वैमानिकाची बायको आणि धाकटा मुलगा गेले, तो आणि कॉलेजातली मुलगी राहिले.

गटात प्रतिक्रिया चारी दिशांना. एक निवृत्त सिस्टर (नर्स) म्हणाल्या, वाचून झोप उडाली, लगेच मुलाला फोन केला की रविवार चुकवत जाऊ नकोस. इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, मस्त थ्रिलर आहे, धर्माचं पान आलं की उलटायचं. एका मावशींना वेगळीच काळजी: दागिने खाली राहणार असतील तर माझं क्रूसाचं मंगळसूत्र कुणाच्या हाती लागेल? आणि एक काका चिडूनच बसले होते, की इतकी चांगली माणसं मागे ठेवणारा देव मला ओळखीचा वाटत नाही.

आता यावर चर्चच्या त्रैमासिकासाठी मराठीत दोन पानं लिहायची आहेत. ‘रॅप्चर’ला काय लिहू? गटात प्रत्येक जण वेगळा शब्द वापरत होता, आणि मला दाट शंका आहे की निम्मी भांडणं कादंबरीने नाही, या शब्दांनीच लावली.

पंचहौदाजवळ

जय ख्रिस्त. शब्द शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तयार आहे, शोधायला लांब जाऊ नका. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ४:१७, ‘मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ’. मुळात तिथे नाम नाहीच, क्रियापद आहे. ग्रीकमध्ये हार्पाझो, म्हणजे झडप घालून उचलणं, हिसकावून नेणं. लॅटिन भाषांतरात त्याचं ‘रापिएमुर’ झालं आणि त्याच धातूवरून इंग्रजीत नाम आलं.

आमचे पाळकसाहेब ‘उचलले जाणे’ म्हणतात, संडे स्कूलच्या बाई ‘वर घेतले जाणे’, तरुण संघवाले सरळ ‘रॅप्चर’. माझं मत, क्रियापदाचं क्रियापदच राहू द्या. नाम पाडायला गेलात की ‘उत्थापन’, ‘उन्नयन’ असलं काहीतरी जलसंपदा खात्याचं हाती लागतं.

आजीची नात

‘उचलले जाणे’ नको हो! आमच्याकडे रोज संध्याकाळी आजीचं चालू असतं, ‘देवा, उचल रे बाबा आता.’ मराठीत देवाने उचललं म्हणजे माणूस गेला. आणि पोलिसांनी उचललं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. कादंबरीचा सगळा जीव यात आहे की ही माणसं *मेलेली नाहीत*. ‘विमानातले शंभर प्रवासी उचलले गेले’ असं लिहिलंत तर वाचणारा दहशतवादी हल्ला समजेल.

देहूकर

एवढी पायपीट कशाला? आपल्या दाराशी शब्द आहे. सदेह वैकुंठगमन. देहासकट, मरण न येता, वर. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत या, बीजेच्या सोहळ्याला नांदुरकीच्या झाडाखाली पाय ठेवायला जागा नसते. ‘जिवंत माणूस देहासकट वर गेला’ ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावीच लागत नाही. ‘सामुदायिक सदेह स्वर्गगमन’ म्हणा, झालं.

पंचहौदाजवळ

देहूकर, ‘सामुदायिक’ शब्दाने आमच्या डोळ्यांपुढे सामुदायिक विवाह सोहळाच उभा राहिला. :)

केडगावची लेक

देहूकरांचा शब्द सुंदर आहे आणि नेमका त्याचमुळे इथे चालणार नाही. वैकुंठगमनाच्या कथेत तुकोबा सगळ्यांचा निरोप घेतात, ‘चला’ म्हणून हाकही देतात. आणि राहिलेल्यांना त्या राहण्याची शिक्षा नाही. ते गाथा म्हणतात, वारी करतात, त्यांचा संसार चालू. या कादंबरीत निरोप नाही, हाक नाही, आणि राहिलेल्यांवर सात वर्षं आकाश कोसळतं. ‘वैकुंठगमन’ म्हटलं की मराठी वाचक हात जोडतो. लेखकांना त्याने दचकायला हवं आहे. शब्द बदलला की वाचकाचा चेहराच बदलतो.

आणखी एक शब्द सुचवते. इब्रीकरांस पत्र ११:५. हनोखाला मरणाचा अनुभव येऊ नये म्हणून ‘लोकांतरी नेण्यात आले’. किती नेमकं आहे! पण इथेही तीच गोची, जुन्या मराठीत ‘लोकांतरी गेले’ म्हणजे वारलेच. मराठीतल्या वर जाण्याच्या झाडून सगळ्या शब्दांवर मृत्यूने आधीच नाव टाकून ठेवलं आहे.

जाता जाता, गाव केडगाव, म्हणजे पंडिता रमाबाईंचं, असल्याने राहवत नाही म्हणून: पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून आला. संस्कृत शब्दांचा भार टाळायचा, साध्या बाईला वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. ‘मेघारूढ’ पाहिलं की मला तो कटाक्ष आठवतो. मेघारूढ म्हटलं की दूरदर्शनवरचे इंद्रदेवच दिसतात.

एबीसी प्रूफ

‘हरण’? हार्पाझोला अर्थाने जवळ. झडप घालून नेणे.

आजीची नात

सीताहरण, रुक्मिणीहरण, वस्त्रहरण. आता विश्वासूहरण. पुढे?

दळणकांडण

सगळे ‘रॅप्चर’ला धरून बसलात, खरी गंमत पुस्तकाच्या नावातच आहे. ‘लेफ्ट बिहाइंड’चं मराठी काय करणार? ‘मागे राहिलेले’?

मराठीत मागे राहतं कोण ते पाहा. वर्तमानपत्रातला निधनाचा चौकोन काढा: ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ मागे राहतो तो परिवार. त्याच्याबद्दल आपल्याला कणव वाटते, त्याच्याकडे आपण भेटायला जातो, दहाव्याला जाऊन बसतो. त्याने काही पाप केलं म्हणून तो राहिला, असा वास त्या शब्दाला नाही. शाळेत मागे राहिला म्हणजे मात्र नापास झाला. इंग्रजी नावात ही दुसरी छटा जोरात आहे, आपल्याकडे पहिली. गटातले काका चिडले ते यामुळेच असावेत. मराठी कानाला मागे राहिलेला माणूस दुःखी वाटतो, दोषी वाटत नाही.

आता शास्त्राकडे या. वर ज्यांनी ४:१७ दिलं त्यांनी ओळ अर्धीच दिली. त्याच्या आधीचे शब्द आहेत ‘जिवंत उरलेले आपण’. म्हणजे पत्र लिहिणारा पौल ज्यांना वर घेतलं जाईल म्हणतो तेच ‘उरलेले’! तिथे उरलेले म्हणजे प्रभू येईपर्यंत मेले नाहीत ते. मूळ ग्रीक शब्दही ‘शिल्लक राहिलेले’ असाच आहे. कादंबरीत उरलेले म्हणजे ज्यांना नेलं नाही ते. एकच शब्द आणि माणसं बरोबर उलटी. मराठीत ‘उरलेले’ असं नाव दिलंत तर शास्त्र पाठ असलेल्या वाचकाला वाटेल, ही वर जाणाऱ्यांची गोष्ट आहे.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय तर आणखी पंचाईत करतो. जात्यावर दळत बसलेल्या दोघी, ‘एकीला घेतले जाईल व एकीला ठेवले जाईल’. या मालिकेचे चाहते हे वचन हमखास सांगतात, की बघा, नेली ती वाचली. पण दोन ओव्या मागे जा. नोहाच्या दिवसांची गोष्ट चालू आहे, जलप्रलय येऊन सर्वांना ‘वाहवून नेईपर्यंत’ त्यांना समजलं नाही. तिथे नेलेले बुडाले आणि ठेवलेले तारवात सुखरूप. मग जात्यावरची कोण भाग्यवान? घेतलेली की ठेवलेली? अभ्यासकांत दोन्ही बाजू आहेत. मला दुसरी पटते. मराठी ‘ठेवले’ या क्रियापदात तर जपणूकच आहे. आपण ठेव ठेवतो, नाव ठेवतो (नावं ठेवतो हे वेगळं, ते पुण्याचं खास), ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणतो. ठेवलेलं म्हणजे टाकलेलं नव्हे. टाकलेल्याला आपण ‘टाकलेली’ म्हणतो, आणि तो शब्द किती बोचरा आहे ते बायकांना सांगायला नको.

शनिवार पेठ

वय सत्तरीच्या पुढचं, म्हणून जरा आठवण. आमच्या लहानपणी या सगळ्याला एकच शब्द होता, जगबुडी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासला गेलं, नदी पेठांत शिरली. पुढच्याच फेब्रुवारीत, १९६२ साली, अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञयाग. आमच्या वाड्यात जोशीकाकू म्हणाल्या होत्या, ‘जगबुडी होऊन गेली की जुलैत, आता काय उरलंय बुडायला?’

सांगायचा मुद्दा असा की ‘जगबुडी’ आणि ‘प्रलय’ हे शब्द या कादंबऱ्यांना लावू नका. जगबुडीत सगळे बुडतात, निवड नसते. प्रलयानंतर पुन्हा सृष्टी, पुन्हा युगं, चक्र चालूच. या गोष्टीत काळ सरळ रेषेत जाऊन एका ठिकाणी थांबतो आणि तिथे हिशेब होतो. हिंदू वाचकाला पुस्तक परकं वाटतं ते ख्रिस्तामुळे नाही, त्या थांबण्यामुळे. मी पहिला भाग वाचला आहे. गोष्ट वेगवान आहे, माणसं पुठ्ठ्याची.

क्वार्टर गेट

मी कॅथलिक आहे. परीक्षणात ‘ख्रिस्ती लोकांची समजूत’ असं सरसकट लिहू नका, ही विनंती. ख्रिस्त पुन्हा येणार हे आम्ही दर रविवारी मतांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) म्हणतो. पण आधी गुपचूप विश्वासणाऱ्यांना नेणार, मग सात वर्षं संकट, मग उघड येणं, अशी दोन टप्प्यांची मांडणी आमच्या चर्चची नाही, आणि बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट पंथांचीही नाही. ही मांडणी पसरली ती १८३० नंतर, जॉन नेल्सन डार्बी या प्लिमथ ब्रदरन पंथाच्या उपदेशकामुळे. १९०९ मध्ये स्कोफील्डचं टिपांसकट बायबल निघालं आणि अमेरिकेत ती घरोघर गेली. सात वर्षांचा हिशेब दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांतून काढलेला. कादंबरी या टिपांवर उभी आहे.

‘अँटिख्राइस्ट’बद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मराठी शास्त्रात ‘ख्रिस्तविरोधक’ आहे, तोच वापरा. तो शब्द फक्त योहानाच्या पत्रांत येतो, आणि तिथे अनेकवचनीही आहे, ‘पुष्कळ ख्रिस्तविरोधक’. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तो शब्द एकदाही नाही, तिथे ‘श्वापद’ आहे. कादंबरीने दोन्ही एकत्र करून एक देखणा रुमानियन पुढारी केला, निकोलाय कार्पाथिया, आणि त्याला संयुक्त राष्ट्रांचा महासचिव केलं. आमच्या घरी यावरच हसू आलं. त्या महासचिवाचं इतकं ऐकतं कोण?

एबीसी प्रूफ

आणि ‘प्रकटीकरण’ हा शब्दच पाहा. मूळ ग्रीक अपोकॅलिप्सिस म्हणजे झाकण काढणे, उघड करणे. मराठीने तो अर्थ जसाच्या तसा राखला. इंग्रजीत ‘अपोकॅलिप्स’ म्हणजे नुसता विध्वंस होऊन बसला. म्हणून ‘अपोकॅलिप्टिक कादंबरी’ला ‘प्रलयकादंबरी’ म्हणू नका. ‘शेवटच्या काळाची कादंबरी’ साधं आहे, चर्चमध्येही हेच बोलतात.

पुलगेट

सगळ्यांचे आभार. कालच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. सिस्टर ‘जिवंत उरलेले आपण’वर थबकल्या, बायबल उघडून ओळ स्वतः पाहिली आणि म्हणाल्या, ‘हे पत्र शोक करणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलंय, चौथा अध्याय संपतोच मुळी एकमेकांचं सांत्वन करा म्हणून. मग मी घाबरले कशाला?’ थ्रिलरवाला मुलगा म्हणाला, घाबरवणं हे थ्रिलरचं कामच आहे, त्याबद्दल लेखकांना पूर्ण मार्क. यावर दोघांचं जुंपलं, ते चहा येईपर्यंत. काका अजून चिडलेलेच आहेत.

लेखात पहिल्यांदा एकदा ‘रॅप्चर’ लिहून पुढे सगळीकडे ‘वर घेतले जाणे’ वापरतो. ‘लोकांतर’ हनोखापुरता. नावाचं भाषांतर करत नाही, ‘लेफ्ट बिहाइंड’च. मात्र दळणकांडण यांचा परिवाराचा मुद्दा लेखात घेतोय, परवानगी आहे ना? मसुद्यातलं एक वाक्य तपासून द्या:

‘वैमानिक घरी पोचतो तेव्हा पत्नी वर घेतली गेलेली असते, तिच्या मागे पती व एक मुलगी असा परिवार असतो, आणि कादंबरीच्या मते दया यायची ती याच परिवाराची.’

दळणकांडण

परवानगी आहे. ‘दया’च्या जागी ‘कीव’ करा. लेखकांना त्या दोघांची कीवच येते, दया पुढच्या भागांत.

एबीसी प्रूफ

‘पोचतो’ की ‘पोहोचतो’ ते त्रैमासिकाच्या संपादकांना विचारा. आणि ‘ख्रिस्तविरोधक’ जोडून.