‘इम्युनिटी’साठी व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी कशाला?

सेलूकर (धागाकर्ता):
मावशी परभणीत राहते, वय 67. गुडघे दुखतात म्हणून तपासणी केली तर व्हिटॅमिन डी 11 आलं, म्हणजे कमीच. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे. इथवर सगळं रीतसर. कोर्स संपला आणि शेजारीण म्हणाली, यानं प्रतिकारशक्ती वाढते, अंगावरची सूज उतरते, सोडू नका. मग चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, मेडिकलमधून थेट पुड्या. रोज रात्री एक, दुधात घालून. तिसऱ्या महिन्यात उलट्या, घसा कोरडा, सारखी लघवी, बोलण्यात गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम चढून 13.8, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिनही चढलेलं. पाच दिवस सलाईनवर होती.
कमतरता असेल तर डी घ्याच. पण ‘इम्युनिटी’च्या नावानं ते खपवणं बंद झालं पाहिजे, असं माझं मत.

गोदाकाठ_नांदेड:
आठवड्याची पुडी रोज घेतली, यात डीचा काय दोष? आणि प्रतिकारशक्तीशी संबंध नाही असं सुचवत असाल तर ते चूक आहे. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये डीला पकडणारे रिसेप्टर असतात. 2006 साली दाखवलं गेलं की क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, डी स्वतःच कामाचं करून घेतात आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन बनतं. रक्तात डी कमी असेल तर ते कमी बनतं. शिवाय सूज वाढवणारे आयएल-6, टीएनएफसारखे निरोपे डीमुळे आवरले जातात. आपल्याकडे टीबी किती आहे ते सांगायला नको. स्वस्तातली गोष्ट आहे, लोकांना घाबरवू नका.

सेलूकर:
प्रयोगशाळेतल्या पेशी खऱ्या, मान्य. पण मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांवर हेच करून बघितलं. निम्म्यांना आठवड्याला 14,000 युनिट, तीन वर्षं. निकाल 2020 ला आला: रक्तातलं डी छान वाढलं, टीबीचा संसर्ग मात्र दोन्हीकडे सारखाच. आणि ती मुलं खाऊनपिऊन डी भरलेली नव्हती बरं, जवळपास सगळी 20 च्या खाली, म्हणजे कमतरतेत होती.
दुसरं, अंगात सूज असली की रक्तातलं डी आपोआप खाली येतं. आजारी माणसाचं डी कमी निघालं म्हणून आजार त्यानंच झाला असं होत नाही. ताप आला म्हणून पारा चढतो, पारा चढला म्हणून ताप येत नाही.

माजलगावची_सून:
तुमचं चालू द्या, मला एक सांगा. आम्ही दिवसभर रानात उन्हात मरायलोत, तरी माझं 9 कसं काय आलं? मेडिकलवाला म्हणला, पुडी घे, इम्युनिटीला बी चांगली.

लॅबवाला_लातूर:
ताई, कापूस वेचताना अंगात काय असतं? साडीवर फुल बाहीचा शर्ट, तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे. अतिनील किरण कातडीला लागणार कुठून? त्यात सावळ्या रंगाला डी बनवायला जास्त वेळ लागतो. सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळचं ऊन कामाचं.

माजलगावची_सून:
त्या टायमाला वैशाखात उघडं उभं राहून दाखवा की तुम्ही एकदा.

लॅबवाला_लातूर:
😅 बरोबर. म्हणून तुमचं 9 हे औषधानंच भरून काढायचं, पण ते हाडांसाठी, डॉक्टरांना विचारून. सेलूकर, तुम्हीही जरा जास्तच ताणताय. अमेरिकेत 25,871 लोकांना घेऊन मोठी चाचणी झाली, रोज 2,000 युनिट, सुमारे पाच वर्षं. कॅन्सर आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही, पण संधिवातासारखे, शरीर स्वतःवरच उलटतं ते आजार 22 टक्क्यांनी कमी दिसले. हे कुठं टाकणार?

सेलूकर:
टाकत नाही. पण आकडे पूर्ण सांगा: डीवाल्या गटात 123 जणांना, दुसऱ्यात 155. एकेका बाजूला तेरा-तेरा हजार माणसं! फरक आहे, पण तो रोजच्या छोट्या मात्रेचा, पन्नाशीपुढच्या अमेरिकनांचा. त्यावरून आमच्या मावशीच्या हातात साठ हजाराची पुडी कशी येते?

गोदाकाठ_नांदेड:
छोटी मात्रा, रोज किंवा आठवड्याला. एवढ्यावर आपलं जमतंय म्हणायचं. सर्दी-खोकल्याच्या 2017 च्या एकत्रित अभ्यासातही फायदा दिसला तो तसाच, आणि मुळात डी फार कमी असणाऱ्यांना जास्त. एकदम मोठा डोस दिला तिथं काही नाही. कोरोनात ब्राझीलमध्ये दवाखान्यातल्या रुग्णांना 2 लाख युनिटचा एकच डोस देऊन पाहिला, एक दिवसही लवकर घरी गेले नाहीत. तरी टीबीचं माझं मत कायम आहे, मंगोलियातल्या चाचणीत संसर्ग मोजला, आजारी पडलेली मुलं फार थोडी होती.

सेलूकर:
हा मुद्दा रास्त आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

माजलगावची_सून:
मावशी आता बरी हाय का?

सेलूकर:
बरी आहे. पण डब्यात अजून नऊ पुड्या आहेत, फेकू देत नाही. पैसे दिलेत म्हणते.