कामगारांच्या गावात वयात येताना : अनुभव धागा

कुमारवयीन वाचकांसाठी एक कादंबरी लिहावी, असे बऱ्याच काळापासून मनात आहे. वडिलांची बदली झाल्यामुळे शहर सोडून कामगारवस्तीच्या गावात आलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तिची नायिका आहे. आपल्या कुमारसाहित्यात खेडे भरपूर आहे, पुण्या-मुंबईच्या सोसायट्याही आहेत. पण ज्या गावांचा दिवस पाळीप्रमाणे उजाडतो आणि मावळतो, अशी इचलकरंजी, भुसावळ, बल्लारपूर यांसारखी गावे निदान माझ्या वाचनात तरी फारशी आलेली नाहीत. नवीन मुलगी, वर्गातला एक दांडगट मुलगा, मग भांडण आणि शेवटी मैत्री, हा साचा मला नको आहे. म्हणून विनंती अशी, की ज्यांचे ते वय अशा गावात गेले त्यांनी गाव अंगवळणी पडताना नेमके काय घडले ते लिहावे. बारीकसारीक तपशील वगळू नयेत.

उभा-आडवा, इचलकरंजी

वडील बँकेत होते आणि आम्ही रत्नागिरीहून आलो होतो. भाड्याची खोली मागाच्या शेडला लागून होती, त्यामुळे फडताळातली भांडी दिवसभर बारीक किणकिणत असत. या गावात पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार घोरपडे यांच्या पाठबळावर आणला, हे शाळेत शिकवले गेले. पण गाव समजले ते माझ्या बाकावरच्या मित्राच्या घरी. त्या घरात सगळे इतक्या चढ्या आवाजात बोलत, की पहिल्यांदा गेलो तेव्हा भांडण चालले आहे असे समजून मी उंबऱ्यावरच थांबलो. त्याचे वडील वर्षानुवर्षे बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभे होते आणि त्यांना कमी ऐकू येई, म्हणून आई, आजी, धाकटी बहीण अशा सगळ्यांचाच आवाज चढलेला असे. शेडमध्ये मात्र कोणी बोलतच नसे. तिथला सगळा व्यवहार हातवारे आणि शिट्ट्यांवर चाले.

तो मित्र शाळा सुटल्यावर कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी आडवे सूत नळ्यांवर गुंडाळायला, जाई. मजुरी कापडाच्या मीटरमागे मिळे आणि तिचा दर इंचात किती आडवे धागे बसतात, म्हणजे किती 'पिक' आहेत, त्यावर ठरे. त्यामुळे अपूर्णांक आणि त्रैराशिक त्याला आमच्या गणिताच्या सरांपेक्षा लवकर सुटत असे. एकदा त्याने खिशातून धागे मोजण्याचे छोटे भिंग काढले, माझ्या गणवेशाच्या बाहीवर टेकवले, मान खाली घालून धागे मोजले आणि दुकानदाराने तुम्हाला विरळ कापड चांगल्याच्या भावात दिले आहे, असा निकाल दिला. माझ्या आईने पुढच्या वर्षी कापड घेताना त्यालाच बरोबर नेले. तुमच्या नायिकेला कोणी तरी असे काही दाखवावे. गावाची ओळख करून देणारी भाषणे नकोत.

रनिंगरूम, भुसावळ

माझे वडील मालगाडीचे चालक होते. आमच्या काळी मोबाइल नव्हते, त्यामुळे ड्यूटी लागली की कॉलबॉय रेल्वे क्वार्टरच्या दाराशी येऊन कडी वाजवी आणि वहीत सही घेऊन जाई. ही वेळ रात्री दोनचीही असे आणि भर दुपारचीही. पुण्याच्या आजोळी राहून शिकलेल्या मला सर्वांत जड गेले ते दिवसा झोपलेल्या माणसाच्या घरात वावरणे. उन्हाळ्यात ओल्या वाळ्याच्या पडद्यामागे वडील झोपत आणि आम्ही कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नसू. आमच्या रांगेतल्या मुलांना कोणाचे वडील कधी परतले हे पाठ असे आणि क्रिकेट त्या हिशेबाने एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरके. मैत्रिणीला घरी बोलावण्याआधी "आज बाबा लाइनवर आहेत का?" हा प्रश्न ठरलेला होता.

अबोली, सोलापूर

आमचे घर शहराच्या पूर्व भागात होते आणि शेजार तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांचा होता. पुरुष मागावर जात आणि बायका दारात बसून विड्या वळत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, आणि बोलता बोलता कात्रीने एका मापाचे कापले जाणारे पान, हे दृश्य मी रोज पाहत असे. माझी वर्गमैत्रीण शाळेतून आली की दप्तर ठेवून आईशेजारी बसे. मलाही हात लावून पाहायची फार हौस होती, पण तिची आई, जिला आम्ही अक्का म्हणत असू, ती हसून नाही म्हणे. कारण वाकड्या विड्या कारखान्यात 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी मिळत नसे. पाहुण्या मुलीच्या हौसेची किंमत त्या घराला मोजावी लागली असती, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली आणि अक्का तिकडे राहायला गेल्या.

वर्धाकाठ, बल्लारपूर

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. नायिका बाहेरूनच आलेली का हवी? आम्ही कागद गिरणीच्या गावातच जन्मलो. साहेबांची मुले बदलीबरोबर येत, पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून "हा कसला वास?" असे विचारत, आणि त्यांना गावाची सवय होते न होते तोच वडिलांची पुढची बदली होई. आम्हाला तो वास फक्त सुट्टीत मामाकडून परतताना, गाडीतून उतरल्यावर येई. वसाहतीत कोणाचे क्वार्टर किती खोल्यांचे यावरून मैत्रीची हद्द आखलेली होती आणि कंत्राटी कामगारांच्या मुलांना तर क्वार्टरच नव्हते. ती नाल्यापलीकडे राहत. जुळवून घेण्याचे कष्ट नव्या मुलीलाच पडतात, असे दाखवणारी कादंबरी आमच्या बाजूने अर्धीच राहील.

धागाकर्ती

वर्धाकाठ, तुमचा आक्षेप मान्य आहे. आता एक प्रकरण बदलीवर आलेल्या मुलीचे आणि एक नाल्यापलीकडच्या मुलीचे, असे आलटून पालटून लिहिण्याचा विचार आहे. साहेबांच्या मुलांना दिलेली टोपणनावे आठवत असतील तर तीही अवश्य कळवावीत. रनिंगरूम, एक शंका आहे : कॉलबॉयच्या वहीत घरातल्या दुसऱ्या कोणी सही केली तर चालत असे का?

रनिंगरूम, भुसावळ

आमच्याकडे तरी नाही. सही वडिलांचीच लागे. आई त्यांना उठवायला आत जाई आणि तोवर कॉलबॉयला पाणी द्यायचे काम माझे असे. त्याला दुसऱ्या रांगेतल्या काकांकडेही जायचे असे, म्हणून तो घाईत असे, आणि "ताई, बाबा उठले का बघा ना," असे दर मिनिटाला म्हणे.